कॅलिबर सुरू होताना ‘डेटाबेस बिघडला आहे, पुन्हा बांधू का?’ असं विचारतं: हो म्हणू की नाही?

जीर्णपान
विंडोज ११, ६४-बिट, ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळणाऱ्या कॅलिबर या प्रोग्रामची आठवी आवृत्ती. आयकॉनवर क्लिक केलं की मुख्य खिडकी येतच नाही, फक्त एक संदेश येतो: संग्रहाचा डेटाबेस बिघडलेला दिसतो, आपोआप पुन्हा बांधायचा का? खाली असंही लिहिलंय की ‘नाही’ म्हटलं तर नवा रिकामा संग्रह तयार होईल. प्रत्येक वेळी फुलीवर क्लिक करून बंद केलं आहे. प्रोग्राम दोनदा काढून पुन्हा टाकला, फरक शून्य. संग्रहात साधारण २,३०० पुस्तकं, निम्म्याहून जास्त मराठी ईपब. फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये आहे, डॉक्युमेंट्स क्लाउडवर सिंक होतं आणि तोच संग्रह लॅपटॉपवरूनही उघडला जातो. पुस्तकं गेली का?

वाळवी
पुस्तकं जागेवरच आहेत. तूर्त हो नको आणि नाहीही नको.

कॅलिबर तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतं. प्रोग्राम असतो प्रोग्राम फाइल्समधल्या कॅलिबर२ फोल्डरात. सेटिंग्ज आणि प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) असतात %ॲपडेटा%\कॅलिबर मध्ये. आणि संग्रह असतो तुम्ही ठेवाल तिथे. काढून पुन्हा टाकल्यावर फक्त पहिलं बदलतं, बाकी दोन्हींना हातही लागत नाही. तुमचा बिघाड तिसऱ्या ठिकाणी आहे, म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

संग्रहाच्या फोल्डरात सर्वात वर मेटाडेटा.डीबी नावाची एकच फाइल असते. ती एसक्यूलाइट डेटाबेस आहे. यादी, टॅग, मालिका, सगळं तिच्यात. ईपब फाइली मात्र लेखकाच्या नावाच्या फोल्डरांत सुट्या पडलेल्या असतात, त्यांना काही होत नाही. सिंक करणारा प्रोग्राम ही डीबी फाइल अर्धवट लिहिलेली असताना उचलतो, किंवा दोन संगणक तिच्यात एकाच वेळी लिहितात, आणि मग तिच्या आतले तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता क्रमाने:

१. दोन्ही संगणकांवर कॅलिबर बंद. टास्क मॅनेजरमध्ये कॅलिबर किंवा कॅलिबर-पॅरलल दिसलं तर तेही संपवा.
२. संग्रहाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘या डिव्हाइसवर कायम ठेवा’ निवडा आणि सगळ्या फाइलींवर हिरवी खूण येईपर्यंत थांबा. हे राहिलं तर काही फाइली फक्त नावापुरत्या इथे असतात, खरा मजकूर क्लाउडवरच.
३. सिंक थांबवा. मग अख्खं फोल्डर कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ही प्रत झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.
४. मूळ फोल्डरात मेटाडेटा.डीबी च्या शेजारी, नावात संगणकाचं नाव जोडलेली दुसरी डीबी फाइल आहे का बघा. तिचा आकार आणि तारीख इथे लिहा.

‘नाही’ दाबलं असतंत तरी पुस्तकं पुसली गेली नसती, पण समोर रिकामा संग्रह बघून धाबं दणाणतं, आणि त्या घाबरण्यातच लोक नको ते डिलीट करतात.

जीर्णपान
प्रत घेतली, १९ जीबी. हो, दुसरी फाइल आहे, शेवटी लॅपटॉपचं नाव. मेटाडेटा.डीबी ११ एमबी, आजची तारीख. लॅपटॉपवाली १४ एमबी, चार दिवसांपूर्वीची.

वाळवी
मग बहुतेक काम सोपं आहे. १४ एमबीवाली फाइल शाबूत असण्याची शक्यता बरी आहे.

संग्रहाचं फोल्डर सिंकच्या कक्षेबाहेर, समजा डी:\पुस्तके इथे हलवा. फोल्डरचं नाव मात्र साध्या रोमन अक्षरांत ठेवा. मार्ग देवनागरीत असला किंवा नुसत्या आकड्यांचा असला की कॅलिबर कधी कधी अडतं. तिथे मेटाडेटा.डीबी चं नाव बदलून ‘बिघडलेली’ असं काहीतरी करा, डिलीट करू नका. मग लॅपटॉपवाल्या फाइलीचं नाव मेटाडेटा.डीबी करा.

नंतर विंडोज आणि आर एकत्र दाबून सीएमडी, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत: आधी कॅलिबर, एक जागा, मग दोन वजा चिन्हं आणि लगेच विथ-लायब्ररी, पुन्हा एक जागा, आणि शेवटी अवतरणचिन्हांत नवा मार्ग. एकदा असं उघडलं की पुढच्या वेळेपासून आयकॉनवरूनही तोच संग्रह उघडतो.

उघडलं की संग्रहाच्या मेनूतून ‘लायब्ररी मेंटेनन्स’ आणि त्यात ‘चेक लायब्ररी’ चालवा. गेल्या चार दिवसांत टाकलेली पुस्तकं डिस्कवर आहेत पण या जुन्या यादीत नाहीत, त्यामुळे ती ‘जादा’ म्हणून दिसतील. तिथलं डिलीटचं बटण दाबू नका! ती फोल्डरं हाताने बाहेर काढा आणि ‘फोल्डर व उपफोल्डरांतून पुस्तकं जोडा’ वापरून परत घ्या.

कसर
दुसरी फाइलही बिघडलेली निघाली तर काय, तेही लिहून ठेवतो.

प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात मेटाडेटा.ओपीएफ नावाची छोटी फाइल असते. त्यात त्या पुस्तकाचं शीर्षक, लेखक, टॅग, मालिका, तुमचे स्वतःचे रकाने, सगळं असतं. कॅलिबरडीबी या कमांडमधल्या रिस्टोअर_डेटाबेस ला ‘रियली-डू-इट’ हा पर्याय, त्याआधी दोन वजा चिन्हं, आणि संग्रहाचा मार्ग दिला की या सगळ्या ओपीएफ वाचून यादी नव्याने बांधली जाते. रियली-डू-इट शिवाय ती कमांड काही करत नाही, मुद्दाम तशी ठेवली आहे. २,३०० पुस्तकांना थोडा वेळ लागेल, मधे खिडकी बंद करू नये.

हा शेवटचा उपाय. साठवलेले शोध, स्वतः केलेल्या वर्गवाऱ्या, प्लगबोर्ड (पुस्तक बाहेर पाठवताना त्याची माहिती बदलणारे नियम), पुस्तकागणिक ठेवलेली रूपांतराची सेटिंग्ज आणि बातम्या उतरवून घेण्याच्या स्वतःच्या रेसिपी यात जाऊ शकतात. शिवाय ओपीएफ पार्श्वभूमीवर सावकाश लिहिली जाते. शेकडो पुस्तकांचे टॅग एकदम बदलून लगेच संगणक बंद केला असेल, तर शेवटचे काही बदल त्यात नसतील.

मराठी शीर्षकांच्या फोल्डरांची नावं कॅलिबर रोमन लिपीत उतरवतं आणि ती भलतीच दिसतात. ती ‘नीट’ करायला जाऊ नये. यादीत त्या फोल्डरचा मार्ग नोंदलेला असतो. नाव हाताने बदललं की यादीतल्या पुस्तकाला फाइल सापडत नाही.

पानगळ
याच धाग्यात विचारतो. संदेश वगैरे काहीच येत नाही. क्लिक केलं की गोल फिरतं आणि संपलं. विंडोज १०.

वाळवी
मग आधी ते काय म्हणतंय ते ऐकायला हवं. सीएमडीत कॅलिबर-डीबग, एक जागा, वजा जी. त्याच खिडकीत ओळी उमटतात. प्रोग्राम पडला तर कारण शेवटच्या चार-पाच ओळींत असतं.

ओळींत प्लगइनचं नाव आलं किंवा सेटिंग्जच्या एखाद्या जेसन फाइलीचं, तर कॅलिबर बंद करून %ॲपडेटा% मधल्या कॅलिबर फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा सुरू करा. पहिल्यांदा चालवल्यासारखं स्वागत होईल. तिथे जुन्या संग्रहाचं फोल्डर दाखवलं की पुस्तकं परत. सुरू झालं तर दोष सेटिंग्जमध्ये होता. जुने प्लगइन एकेक करून परत घाला. सगळं फोल्डर उचलून परत ठेवलंत तर दोषही परत येतो. २०२२ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून कॅलिबर क्यूटी ६ वर (खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर) गेलं, तेव्हा न सुधारलेले बरेच प्लगइन तिथेच अडले.

ओळींत काहीच तक्रार नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये कॅलिबर दिसतंय? मग ते उघडलंय, फक्त दिसत नाही. घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये पाहा. दुसरा मॉनिटर काढला असेल तर खिडकी त्या नसलेल्या पडद्यावर असू शकते: ऑल्ट-टॅबने तिच्यावर जाऊन विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबा. तेही नाही तर कॅलिबर, एक जागा, वजा एस ही कमांड चालू प्रत बंद करते. रूपांतर चालू असेल तर तेही न विचारता तुटतं.

विंडोज ३२-बिट असेल तर हे सगळं सोडा. विंडोज ७, ८ आणि ३२-बिटवर चालणारी शेवटची आवृत्ती ५.४४. सहावी आणि पुढच्या तिथे चालतच नाहीत.

कसर
मुख्य खिडकी उघडते पण पुस्तकावर डबल क्लिक केल्यावर वाचायची खिडकी पांढरी राहते, हा निराळा आजार आहे. वाचायच्या खिडकीच्या आत क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आहे, ते ग्राफिक्स ड्रायव्हरशी भांडतं. आधी ड्रायव्हर अद्ययावत करून रीस्टार्ट. तरीही तसंच असेल तर क्यूटीवेबएंजिन_क्रोमियम_फ्लॅग्ज नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमधली, प्रोग्राम वाचतात अशी नोंद), इंग्रजी मोठ्या अक्षरांत, तयार करून त्याची किंमत दोन वजा चिन्हं, डिसेबल, वजा, जीपीयू अशी द्या.

उबुंटूवर ‘एक्ससीबी प्लगइन लोड झालं नाही’ असं आलं तर सहसा लिबएक्ससीबी-कर्सर० हे पॅकेज नसतं. ते ॲप्टने टाका, काम होतं.

जीर्णपान
लॅपटॉपवाल्या फाइलीने उघडलं. ‘जादा’ मध्ये ६ पुस्तकं आली, ती बाहेर काढून जोडली. आता लॅपटॉपवर वाचायचं झालं तर?

वाळवी
संग्रह एकाच संगणकावर ठेवा आणि त्यावर प्राधान्यांमधून कंटेंट सर्व्हर चालू करा. घरच्या वायफायवर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा आयपी, पुढे अपूर्णविराम आणि ८०८० टाकला की सगळी यादी दिसते, वाचताही येतं. फायरवॉल पहिल्यांदा परवानगी विचारेल, ती फक्त खासगी नेटवर्कसाठी द्या. क्लाउडवर पाठवायचीच असेल तर कॅलिबर बंद असताना केलेली प्रत पाठवा, चालता संग्रह नव्हे.