वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगा खारपाणपट्ट्यात मऊ उकडण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात आहे. वडिलांच्या दाढा आता राहिलेल्या नाहीत, त्यामुळे भाजलेले दाणे त्यांना चावत नाहीत; उकडलेल्या शेंगा मात्र ते मनापासून खातात. उन्हाळी भुईमूग निघतो तेव्हा प्रश्न नसतो, कारण ओल्या शेंगा चार-पाच शिट्ट्यांत शिजतात आणि टरफल दाबताच दाण्यासोबत खारट पाणीही बोटावर येते. तो हंगाम संपला की उरतात त्या पोत्यातल्या कडक वाळलेल्या शेंगा, आणि माझी अडचण त्यांचीच आहे.

या शेंगा पातूरकडे राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या शेतातल्या आहेत. ती त्या रात्रभर भिजवते, कुकरला दहा शिट्ट्या घेते, मग अर्धा तास मंद आचेवर ठेवते आणि त्याच पाण्यात निवू देते. तिच्याकडे दाणा शिजवलेल्या वालासारखा मऊ होतो. त्याच पोत्यातल्या अर्धा किलो शेंगा मी तशाच केल्या, तर टरफल भिजून काळसर झाले, पण आतला दाणा दाताखाली कचकन वाजला आणि मधोमध फोडल्यावर पांढरा, कोरडाच दिसला. वाळलेल्या शेंगा पाण्यावर तरंगतात म्हणून दुसऱ्या वेळी वर ताटली ठेवून तिच्यावर वरवंटा ठेवला आणि बारा तास भिजवल्या. फरक पडला, पण थोडाच.

माझा संशय पाण्यावर आहे. आमच्या बोअरचे पाणी मचूळ आणि जड आहे, त्यात तुरीची डाळसुद्धा लवकर शिजत नाही. जड पाण्यातल्या चुन्यामुळे दाण्याचे आवरण सैल होत नाही, हे मला माहीत आहे. नळाचे पाणी आठ-आठ दिवसांनी येते आणि ते पिण्यासाठीच जपून वापरावे लागते, म्हणून शेंगांसाठी चार-पाच लिटर काढताना जीवावर येते.

तेव्हा विचारायचे आहे ते असे, की गोडे पाणी फक्त भिजवायला वापरून बोअरच्या पाण्यात उकडले तर चालेल का, की उकडतानाच ते अधिक गरजेचे आहे? चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास दाणा मऊ होतो हे ठाऊक आहे, पण अर्धा किलोला नेमका किती घालावा, म्हणजे तुरट-साबणी चव येणार नाही? आणि मीठ सुरुवातीलाच घालावे की दाणा शिजल्यावर घालून शेंगा त्या पाण्यात तीन-चार तास मुरू द्याव्यात? वडिलांना रक्तदाब असल्यामुळे मीठ बेताचेच हवे आहे, आणि आमचे पाणी आधीच खारट आहे.

बुरशी आलेल्या किंवा काळ्या पडलेल्या शेंगा मी आधीच निवडून टाकते, कारण बुरशीचे विष उकळण्याने जात नाही. त्यामुळे तो मुद्दा नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट भागात ज्यांच्या घरी असेच पाणी आहे आणि तरीही वाळलेल्या शेंगा मऊ होतात, त्यांनी पाण्याचे आणि वेळेचे प्रमाण कृपया सविस्तर लिहावे.