शुगर बॉर्डरवर आलीये आणि घरातले सगळे डॉक्टर झालेत, नेमकं खायचं काय?

कोथरूडची_मीच

नमस्कार मंडळी, लांबलचक होणारे, आधीच सॉरी.

वय ४३, घर कोथरूडला, ऑफिस खराडीला. म्हणजे वनाजला मेट्रो पकडायची, रामवाडीला उतरून पुढे रिक्षा. सकाळी साडेआठला निघते ते घरी यायला पावणेआठ तरी होतात. गेल्या महिन्यात ऑफिसचं वार्षिक चेकअप झालं त्यात एचबीएवनसी ६.१ आलं, पुढे लाल अक्षरात प्रीडायबेटिक. फोनवर डॉक्टर दोन मिनिटं बोलले, साखर बंद, भात बंद, चालायला लागा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करा. ठेवला फोन.

तेव्हापासून घरात जे चाललंय ते विचारू नका. सासूबाई सकाळी मेथ्यांचं पाणी हातात देतात, इतक्या मायेने देतात की नाही म्हणवत नाही. शेजारच्या काकू म्हणतात दुधीचा रस घे, त्यांच्या भावाची शुगर त्यानेच गेली. नवऱ्याने मिलेटचे नूडल्स, मिलेटची बिस्किटं, मिलेटचा चिवडा असं बाराशे रुपयांचं सामान आणून ठेवलंय. माझी बहीण दीक्षितवाली आणि जाऊ दिवेकरवाली, एक म्हणते दिवसातून दोनदाच खा, दुसरी म्हणते दर दोन तासांनी खा, आणि फॅमिली ग्रुपवर दोघींची जुंपलीये, मी बाजूलाच. साखरेऐवजी गूळ घालून चहा करायला गेले तर तो रोज फाटतोय.

माझं खाणं असं: उठल्यावर चहा, मग पोहे किंवा उपमा किंवा कालची पोळी, परत चहा. दुपारी डब्यात दोन पोळ्या भाजी, जेवण झालं की टीमबरोबर चहा. साडेपाचला मशीनची कॉफी आणि कोणी काय आणलं असेल ते. रात्री सगळ्यांचं झालं की भात आणि जे उरलं असेल ते. झोपायला बारा, उठायला साडेपाच. वजन ६४, उंची पाच फूट दोन. थकवा खूप असतो, जिने चढले की धाप लागते, केस पण जातायत, पण ते वयाचं असेल.

प्रश्न एवढाच, यातलं करू काय? सगळं एकदम जमणार नाहीये.

टेकडीवाला

ताई, मी याच गल्लीतून गेलोय. २०२२ ला ६.२ होतं, ५.६ वर आणलं, मग लॉकडाऊनमध्ये सुटलेलं ऑफिसखाणं परत सुरू झालं आणि परत ५.९. म्हणजे एकदा उतरलं की सुटलो असं नसतं हे आधीच सांगतो. मजा म्हणजे मी रोज पहाटे वेताळ टेकडी चढायचो आणि खाली उतरलो की ग्रुपबरोबर पोहे, वर क्रीमरोल, वर चहा. चाललो तासभर, खाल्लं दोन तासांचं. सहा महिने आकडा हलला नाही तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मला ज्याने खरंच फरक पडला ती म्हणजे शतपावली. हसू नका. आजोबा करायचे तीच, जेवण झालं की पंधरा मिनिटं, सोसायटीच्या आवारात, फोन घरी ठेवून. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात त्यामुळे जेवणानंतरची उसळी बसते. माझ्याकडे ग्लुकोमीटर आहे, तेच जेवण दोन दिवस करून बघितलं, एक दिवस सोफ्यावर, एक दिवस चालून, आकड्यात चांगला तीसचा फरक होता. तुमचा तेवढाच येईल असं नाही, पण करून बघा.

पेठेतला_काका

दुधीच्या रसाबद्दल आधी. बाकी तुमचं चालू द्या.

कच्च्या दुधीचा रस पिणार असाल तर आधी तुकडा जिभेला लावून बघा, आणि जरा जरी कडू लागला तरी तो दुधी सरळ कचऱ्यात. "औषध आहे, कडूच असणार" म्हणून नाक दाबून पिऊ नका. कडू दुधीत क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, उलट्या, रक्ताची उलटी, बीपी एकदम खाली, माणसं दगावलीयेत आपल्याकडे, आणि आयसीएमआरने समिती नेमून कडू रस पिऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. आमची आई दुधी असो की काकडी, चिरायच्या आधी दोन्ही टोकांची चकती काढून चाखायची. तिला कोणी समिती लागली नाही.

बाकी गुळाबद्दल, ताई, गूळ ही साखरच. त्यात सुक्रोजच असतं, थोडी खनिजं चिकटलेली असतात इतकंच. तुमचा चहा फाटतोय ते तुम्हाला काहीतरी सांगतोय. (हलकं घ्या.)

भाकरतुकडा

काकांना +१.

मिलेटच्या नूडल्सचं पाकीट उलटं करून वाचा. आमच्याकडे आणलेल्या एकात पहिला घटक मैदा आणि मिलेट पंधरा टक्के. २०२३ हे मिलेट वर्ष झालं तेव्हापासून ज्यावर त्यावर मिलेट छापतात. अहो आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी म्हणतात त्यालाच, आपण काय नवीन खातोय.

पण भाकरीबद्दल पण एक सांगते कारण भाकरी खाल्ली की वजन उतरतं असं सगळ्यांना वाटतं. शंभर ग्रॅम पीठ ज्वारीचं घ्या की गव्हाचं, कॅलरी जवळपास तेवढ्याच. भाकरीने पोट लवकर भरतं, चावायला लागते, म्हणून आपण एकीवर थांबतो, हा तिचा फायदा. दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा आणि ठेचा असं सिंहगडस्टाईल खाल्लं तर काय होणार. आणि विकतचं पीठ घेत असाल तर ते भाकरीला थापताना चिरतं, जुनं असतं. मालदांडी ज्वारी आणून दर आठवड्याला किलोभर गिरणीतून दळून आणा, सोपं जाईल.

वरणभात_प्रेमी

भात बंद वगैरे काही नाही हो. कोकणात, तिकडे केरळात माणसं काय खातात? प्रमाण कमी करा. मी बायकोच्या सांगण्यावरून क्रम बदलला, आधी कोशिंबीर आणि वाटीभर उसळ संपवायची, मग पोळी, मग शेवटी भात मुठीएवढा. भात सोडला नाही, तो शेवटी गेला आणि आपोआप कमी झाला.

अवांतर: नॅचरोपथीत इंटरेस्ट असेल तर ताडीवाला रोडला बापू भवन आहे, तिथे केंद्र सरकारची नॅचरोपथीची राष्ट्रीय संस्था (एनआयएन) आहे. डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं ते, गांधीजी येऊन राहायचे. पण लक्षात ठेवा की पेपरात "एनआयएनने सांगितलं" असं आलं की ते बहुतेक हैदराबादचं पोषण वालं एनआयएन असतं, पुण्याचं नाही. मी एकदा यावर मेहुण्याशी तासभर वाद घातलाय, दोघं वेगवेगळ्या संस्थेबद्दल बोलत होतो.

डबा_आणि_डाएट

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करते. इथे ट्रीटमेंट देत नाही, फक्त एक प्रश्न विचारते.

@कोथरूडची_मीच, त्याच रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन किती आलं होतं? फास्टिंग शुगर किती? आणि पाळीला जास्त जातं का? थकवा, धाप, केस, जेवल्यावर लगेच चहा, रात्री सगळ्यांच्या नंतर उरलेलं खाणं... तुम्ही हे सगळं वयावर टाकलंत, पण मी आकडा बघितल्याशिवाय पुढे काही बोलणार नाही.

कोथरूडची_मीच

अगं बाई, रिपोर्ट आत्ता काढून बघितला. हिमोग्लोबिन ९.४. फास्टिंग ९६, त्याच्यापुढे काही लाल नाहीये. आणि हो, दोन वर्षं झाली, पहिले तीन दिवस खूपच त्रास असतो, दर तासाला बदलावं लागतं, पण या वयात होतं असं मैत्रिणी म्हणतात म्हणून कुठे गेले नाही. हिमोग्लोबिनबद्दल फोनवर कोणी काही बोललंच नाही, मी पण साखरेच्या लाल अक्षरातच अडकले.

याचा शुगरशी काय संबंध?

डबा_आणि_डाएट

संबंध आहे. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीये त्याची टक्केवारी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्यातून तीन महिन्यांचा अंदाज येतो. ५.७ च्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. पण लोहाची कमतरता असेल तर हाच आकडा खोटा वर दिसू शकतो, साखर तेवढी नसतानाही. बी-१२ कमी असेल तरी तसंच. तुमची फास्टिंग १०० च्या आत आहे, त्यामुळे मला शंका आली. शंकाच, खात्री नाही. तुम्हाला खरंच प्रीडायबेटिस असेलही. म्हणून डॉक्टरांना विचारून फेरीटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर करून घ्या.

आणि गायनॅककडे जा. दर तासाला पॅड बदलावं लागणं हे "या वयात होतं" मध्ये बसत नाही. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, तुमचं ९.४ आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका अ‍ॅनिमिक निघाल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे थकलेली बाई कोणाला वेगळी दिसतच नाही.

तोवर दोन गोष्टी, फुकटच्या. जेवणानंतरचा तो टीमबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, चहातल्या टॅनिनमुळे डब्यातल्या पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही. आणि डब्यात लिंबाची फोड ठेवा, पोह्यावर पिळतो तशी उसळीवर पण पिळा. हळीव, माठ, मटकी, लोखंडी कढई हे सगळं चांगलं, पण ९.४ वरून वर यायला फक्त आहार पुरत नाही, डॉक्टर गोळ्या देतील, त्या चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका.

टेकडीवाला

मी एवढं शतपावली पुराण लावलं आणि इथे प्रकरणच वेगळं. 🙏

आयुर्वेद_घरचा

माझं थोडं वेगळं मत आहे. सगळं आकड्यांवर कशाला न्यायचं, मूळ बिघाड दिनचर्येत आहे. साडेपाच तास झोप आणि रात्री दहाला जेवण, अग्नी मंद होणारच. रोज गुळवेलीचा काढा आणि रात्री हळदीचं दूध सुरू करा, मी पाच वर्षं घेतोय.

पेठेतला_काका

झोपेबद्दल १००% सहमत, जेवणाच्या वेळेबद्दल पण. झोप कमी झाली की इन्सुलिन नीट काम करत नाही, हे तुमचे आकडेवाले पण मान्य करतात.

गुळवेलीबद्दल नाही. कोविडच्या काळात रोज काढा ढोसून यकृताला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद मला माहितीये. पण बाई आधीच ९.४ वर आहे, तिच्या ताटात आधी पोळी वाढा, काढा नंतर. वैद्याला नाडी दाखवून घेतला तर गोष्ट वेगळी, आपण इथे वैद्य नाही.

कोथरूडची_मीच

(सहा आठवड्यांनी अपडेट, धागा वर काढतेय.)

फेरीटिन ६ निघालं. बी-१२ पण तळाला. जेवणानंतरची शुगर १२६, डॉक्टर म्हणाल्या सध्या साखरेचं टेन्शन घेऊ नका, रक्त भरून निघालं की एचबीएवनसी परत बघू. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) सापडला, लहान आहे, औषध सुरू झालंय. लोहाच्या गोळ्या चालू, सुरुवातीला शी काळी व्हायला लागली तर घाबरले होते, ते होतंच म्हणे. हिमोग्लोबिन १०.८ झालंय. रामवाडीचा जिना परवा न थांबता चढले, वर पोचल्यावर मलाच कळलं की आपण थांबलो नाही.

घरातला बदल म्हणजे आता सगळ्यांनी साडेआठला एकत्र बसायचं, गरम पोळी ज्याची त्याने घ्यायची. पहिले चार दिवस नवरा पोळी वाढायची वाट बघत ताटाकडे बघत बसायचा. आता लेकाला कोशिंबीर करायला लावलीये, गाजर इतकं जाड किसतो की चावताना दात दुखतात, पण संपवतो सगळे. जेवण झालं की सासूबाई आणि मी खाली चकरा मारतो, टेकडीवाल्यांचं पुराण वाया गेलं नाही. मेथ्यांच्या पाण्यातल्या मेथ्या सासूबाई आता उसळीत टाकतात, आणि पाणी झाडांना.

मिलेटचे नूडल्स कुणी खाईना, ऑफिसमध्ये नेऊन ठेवले, तिथे अर्ध्या तासात संपले.

काकूंनी परवा गावाकडचे दोन दुधी आणून दिले. आज त्याची थालीपिठं केली.

पेठेतला_काका

चाखलात ना आधी?

कोथरूडची_मीच

दोन्ही टोकं 😄 गोड होता.