चिखल्या जाता जात नाहीत, कोणतं मलम आणि किती दिवस?

नमस्कार मंडळी,

चाकणला कंपनीत आहे. सेफ्टी शूज घालून नऊ तास उभं राहायचं, जाणं-येणं दुचाकीवर, त्यात हा पाऊस. जूनअखेरीस उजव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात खाज सुटली. कातडी पांढरी पडून भिजलेल्या कागदासारखी सुटायला लागली. मोजे काढले की बायको खिडकी उघडते.

आई म्हणाली चिखल्या आहेत, मेंदी लाव. तिच्या माहेरी भातलावणीत सगळे तेच करायचे. आठवडाभर लावली. बोटं नारिंगी झाली, खाज होती तशीच.

मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गायब! चौथ्या दिवशी मलम बंद केलं, आठवड्याने पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. आता डाव्या पायालाही आहे, आणि सांगायला लाज वाटते, जांघेत गोल चट्टा उठलाय. ट्यूबवर क्लोट्रिमाझोल, निओमायसिन आणि बेक्लोमेथासोन असं लिहिलंय. मलमाची कंपनी बदलू की हेच जास्त दिवस लावू?

प्रतिसाद १

दादा, मी औषधाच्या दुकानात बसते, म्हणून सांगते. ती ट्यूब आधी बंद करा. बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली तेच दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. चिखल्या म्हणजे बुरशीच, ती मात्र खाली जिवंत राहते आणि पसरते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन हीही त्याच जातीची. ही मलमं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, पण गिऱ्हाईक 'लगेच गुण येईल असं द्या' म्हणतं आणि देणारा देतो.

बोटांच्या बेचक्यासाठी नुसतं टर्बिनाफिन १% (साधारण एक ते दोन आठवडे) किंवा नुसतं क्लोट्रिमाझोल १% (दिवसातून दोनदा, चार आठवड्यांपर्यंत) चालतं. खाज थांबली म्हणून थांबू नका. कातडी साधी दिसायला लागल्यावरही आठवडा-दोन आठवडे लावायचं. पाय धुऊन बेचकं अगदी कोरडं करा, मग पातळ थर, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर. लावल्यावर हात धुवा.

जांघेचं मात्र घरी करू नका. स्टेरॉइड लागलेल्या चट्ट्याचं रूप बदलतं, त्वचारोगतज्ज्ञ थोडी खरवड काढून तपासतात. पोटातून गोळ्याही लागू शकतात.

प्रतिसाद २

जांघेत कसं गेलं ते सांगतो, कारण माझंही तसंच झालं होतं. कपडे घालताना मोजे आधी, चड्डी नंतर! नाहीतर चड्डी पायातून वर येताना बुरशी घेऊन येते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. पायाचा टॉवेल वेगळा ठेवा. आणि अंगठ्याचं नख जाड, पिवळट झालंय का बघा. नखात बुरशी असेल तर मलम पुरत नाही, तिथूनच ती परत परत येते.

प्रतिसाद ३

साखर आहे का? असेल तर आजच डॉक्टर गाठा. बेचक्यातल्या भेगेतून जंतू आत शिरले की पाय सुजून लाल होतो, ताप येतो. माझ्या सासऱ्यांना त्यापायी चार दिवस सलाइन लागलं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. साखर नाही, गेल्याच महिन्यात कंपनीत तपासणी झाली. नख मात्र पिवळं आहे, मला वाटत होतं पेटी पडली होती त्यामुळे. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. ट्यूब सोबत नेतो. ती बंद केल्यापासून खाज दुप्पट झालीये, हे ठीक आहे ना? आणि बूट टाकावे लागतील का? दीड हजाराचे आहेत हो.

प्रतिसाद १

स्टेरॉइड सुटल्यावर काही दिवस खाज उसळतेच, परत त्या ट्यूबकडे वळू नका. फारच असह्य झालं तर शनिवारची वाट बघू नका. बूट टाकू नका. कंपनीकडून दुसरा जोड मागा आणि दिवसाआड बदला. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळी अँटिफंगल पावडर टाका. मोजे रोज धुतलेले, सुती. डब्यासोबत एक जादा जोडही न्या, जेवणाच्या सुट्टीत बदलायला.