झोपताना कुठलं पुस्तक? तुमचे अनुभव सांगा

लेक चार वर्षांचा. परवा हौसेनं राक्षसाचं नवं पुस्तक आणलं. चित्रं झकास, गोष्टही मजेदार. मी आवाज काढून वाचलं आणि साडेदहाला तो गादीवर राक्षस होऊन उड्या मारत होता! तेव्हा विचारते, झोपतानाचं पुस्तक तुम्ही कसं निवडता?

एक आई
मी घ्यायच्या आधी दोन पानं पुटपुटून बघते. जीभ अडखळली की पुस्तक परत जागेवर. अनुवादित पुस्तकांत हे फार होतं. 'एक ससा, जो टेकडीवर राहत होता, त्याला भूक लागली.' असं कोण बोलतं? मी वाचता वाचता 'टेकडीवर एक ससा राहायचा' करून टाकायचे. मुलगी अक्षरं वाचायला लागली आणि पकडली गेले. "आई, इथे 'जो' लिहिलंय."

दोन मुलींचा बाबा
वरच्या ताईंना अनुमोदन. आमच्याकडे दोन महिने रोज तेच बेडकाचं पुस्तक चाललंय. एकदा दमलो होतो म्हणून हळूच दोन पानं एकदम उलटली. डोळे मिटलेले, तरी आवाज आला, "बाबा, तळं राहिलं." आधी कंटाळा यायचा. पण तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकून मुलांचे नवे शब्द पक्के होतात, हे कळल्यावर कुरकुर थांबवली. आता चाळीस वेळा वाचून मला वीट येणार नाही, असंच पुस्तक घेतो.

आठ महिन्यांच्या बाळाची आई
जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं. अर्धं वाचायला, अर्धं चावायला. बटण दाबलं की वाजणारं मात्र रात्री कपाटात!

आजी
माझ्याकडे दोघं, तीन आणि आठ वर्षांची. चित्रांची पुस्तकं बहुधा ३२ पानांची. छापील कागदाच्या घड्या सोळा-सोळा पानांच्या पडतात म्हणून. दहा मिनिटांत संपतात, धाकटीला पुरतात. थोरल्यासाठी मग मोठ्या पुस्तकातला तुकडा. त्याला स्वतःला वाचायला जड जाईल असं घेते, कारण या वयात कान डोळ्यांच्या पुढे असतात. पंचाईत एकच, प्रकरण संपतं तेव्हा कुणीतरी नेमकं विहिरीत पडलेलं असतं. "पुढे?" म्हणून तो उठून बसतो. म्हणून मी प्रकरणाच्या शेवटाला थांबतच नाही. पुढच्या प्रकरणात माणूस विहिरीबाहेर आला की खूण घालते.

एक मामा
भाचीला रात्री आजोबा गेल्याची गोष्ट वाचली. पुस्तक चांगलंच होतं, निवडलेली वेळ चुकली. दिवा मालवल्यावर तिनं विचारलं, "मामा, तू कधी जाणार?" बराच वेळ हात धरून बसलो. ते पुस्तक आता दुपारी वाचतो. तेव्हा प्रश्नांना उजेड असतो.

सुरुवात केली ती मीच
आभार! राक्षसाची बदली दुपारी झाली. काल त्यालाच निवडू दिलं, तर त्यानं वाहनांच्या चित्रांचं जुनं पुस्तक ओढून आणलं. गोष्ट नाही, काही नाही, नुसती नावं. मी मनातून नाराजच. ट्रक, टँकर, क्रेन... आवाज हळू करत गेले. रोडरोलरपर्यंत पोचलोच नाही.