अनुभव धागा : परदेशी व्हिस्कीवरील आयात शुल्क आणि मराठवाड्यातील पिणारे

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर (करसल्लागार)

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर सह्या झाल्या. त्या आठवड्यात विवरणपत्र भरण्यासाठी माझ्याकडे आलेल्या चार अशिलांनी, स्वतःच्या परताव्याची चौकशी करण्याआधी, स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, कधी आणि किती स्वस्त होणार हे विचारले. करारातील तरतूद अशी आहे की ब्रिटनमधून येणाऱ्या व्हिस्कीवरील १५० टक्के शुल्क करार लागू होताच ७५ टक्के होईल आणि पुढील दहा वर्षांत ते टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर येईल. त्याआधी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, अमेरिकेच्या बर्बन व्हिस्कीवरील शुल्क १५० वरून १०० टक्के झालेच होते. मात्र आपल्या भागात बर्बन पिणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही.

जे १५० टक्के आपण म्हणतो, ते २०२१ च्या अर्थसंकल्पापासून दोन तुकड्यांत आहे: ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. म्हणजे स्कॉच पिणारा माणूस प्रत्येक पेल्यागणिक शेतीच्या विकासाला हातभार लावत असतो. ही गोष्ट मी एका कापूस पिकवणाऱ्या अशिलाला सांगितली, तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

मात्र करारात काय लिहिले आहे यापेक्षा, या शुल्कामुळे आपल्या पिण्याच्या, देण्याघेण्याच्या आणि खर्चाच्या सवयी कशा घडल्या, हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया स्वतःचा किंवा घरातला अनुभवच लिहावा. दारू चांगली की वाईट, या वादासाठी हा धागा नाही.

परभणी, निवृत्त शिक्षक

माझ्या आयुष्यातील पहिली स्कॉच मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी प्यायलो आणि तीही विकत घेतलेली नव्हती. पुतण्या मँचेस्टरला नोकरीस लागला आणि पहिल्या सुट्टीत येताना त्याने विमानतळावरील ड्यूटी फ्री दुकानातून दोन बाटल्या आणल्या. प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते, त्यामुळे आमच्या घराण्याचा वार्षिक कोटा त्याच्या सुट्टीवर ठरत असे. दोन लिटरांचे नऊ वाटेकरी होते. एक बाटली दसऱ्यानंतर उघडली जाई आणि दुसरी कोणाच्या तरी लग्नासाठी कुलूपबंद कपाटात राही. पाहुण्याला ती फक्त दाखवायची, त्याच्या पेल्यात ओतायची नाही, असा थोरल्या बंधूंचा दंडक होता.

दुकानात तीच बाटली आमच्या पगाराच्या मानाने इतकी महाग होती की ती विकत घेण्याचा विचार कधी मनाला शिवला नाही. शुल्काने आम्हाला दारूपासून दूर ठेवले असे मी म्हणणार नाही, कारण देशी बनावटीची व्हिस्की आम्ही दर शनिवारी घेतच होतो. त्याने स्कॉचला मात्र देव्हाऱ्यात बसवले. रिकाम्या झालेल्या त्या चौकोनी बाटलीत आजही आमच्या फ्रिजमध्ये पाणी असते आणि सौभाग्यवती ती कोणालाही फेकू देत नाहीत.

जालना, परमिट रूम चालक

धागाकर्त्यांनी केंद्राचे शुल्क नीट सांगितले, परंतु त्यामुळे वाचकाचा असा समज होईल की बाटलीची किंमत बंदरावर ठरते. ती बंदरावर केवळ सुरू होते. समजा, एखादी बाटली मुंबईच्या बंदरात विमा आणि वाहतुकीसह १,००० रुपयांना पडली. १५० टक्के शुल्काने ती २,५०० होते, ७५ टक्के झाल्यावर १,७५० होईल आणि दहा वर्षांनी १,४०० होईल. इथपर्यंत वाचून मंडळी खूश होतात. पण मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने त्यानंतर राज्याचे उत्पादन शुल्क, घाऊक विक्रेत्याचा आणि दुकानदाराचा नफा, मूल्यवर्धित कर आणि माझ्याकडे बसून प्यायल्यास माझा खर्च, हे सगळे चढत जाते. मधल्या ७५० रुपयांपैकी किती गिऱ्हाइकाच्या हाती पडू द्यायचे हे आयातदार ठरवणार, आणि आयातदार धर्मादाय संस्था चालवत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या राज्याने आयात केलेल्या मद्यावरील उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केले. केंद्राचे शुल्क होते तेवढेच होते, तरी माझ्याकडची साडेपाच हजारांच्या पुढची बाटली चार हजारांच्या आत आली. त्या हिवाळ्यात पोलाद कारखान्यांतले आणि बियाणे कंपन्यांतले लोक, जे आधी वर्षातून एकदा स्कॉच मागवत, ते महिन्यातून एकदा मागवू लागले. हा बदल लंडनने किंवा दिल्लीने केला नव्हता.

आणि आता उलट बाजू. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क, म्हणजे माझ्या गल्ल्यातील मोठा हिस्सा ज्यावर चालतो त्या मालावरील शुल्क, निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेले. क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये झाली. परमिट रूममधील मूल्यवर्धित कर २०२३ च्या अखेरीस ५ वरून १० टक्के झालाच होता. १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील बारचालकांनी एक दिवस शटर खाली ओढले, त्यात मीही होतो. पुढे दहाच दिवसांत करारावर सह्या झाल्या आणि माझे नेहमीचे गिऱ्हाईक, जे क्वार्टरच्या वर कधी गेले नाही, ते विचारू लागले, ‘‘काहो शेठ, स्वस्त झाली म्हणं?’’ त्यांची महाग झाली होती आणि स्वस्त होणार होती ती दुसऱ्याची, हे त्यांना समजावताना मला संकोच वाटला.

धागाकर्ता

आपला प्रतिसाद वाचून मी माझ्या अशिलांना दिलेले उत्तर मनातल्या मनात मागे घेतले. मी त्यांना ‘‘निम्मे शुल्क’’ असे सांगितले होते आणि त्यांनी ते ‘‘निम्मी किंमत’’ असे ऐकले.

वाळूज, बाटलीभरणी विभागातील पर्यवेक्षक

माझ्या कंपनीचे नाव लिहिणार नाही. सर्वसाधारण वाचकाला माहीत नसलेली गोष्ट अशी की भारतात येणारी बरीचशी स्कॉच बाटलीतून येत नाही. ती मोठ्या पिंपांतून, अधिक तीव्रतेची अशी येते आणि इथे पाणी घालून ४२.८ टक्के मद्यार्कावर आणून बाटलीत भरली जाते. टीचर्स, १०० पायपर्स, व्हॅट ६९ ही नावे अशा प्रकारे दुकानात स्वस्त पडतात. शुल्काचा दर दोन्हींवर सारखाच असला तरी तो किमतीवर लागतो, आणि सुट्या मालाची किंमत काचेच्या, खोक्याच्या व तिकडच्या मजुरीच्या भाराशिवाय मोजली जाते.

तिसरा प्रकार सर्वांत मोठा आहे. आपली नेहमीची ‘इंग्लिश’ ही बहुतांशी मळीपासून किंवा धान्यापासून काढलेले शुद्ध मद्यार्क असते आणि तिच्या वरच्या श्रेणीत थोडे स्कॉच माल्ट (मोड आणलेल्या जवापासून काढलेली स्कॉच) मिसळलेले असते. शुल्क उतरल्यावर हे मिसळायचे माल्ट कंपन्यांना स्वस्त पडेल. ते प्रमाण वाढवतील की नफा वाढवतील, हे वरचे लोक जाणोत. आमच्या बाटलीभरणीच्या ओळीवर त्याची चव आधी कळेल, अशी आमच्यात थट्टा चालते; प्रत्यक्षात पाळी संपल्यावर बाहेर पडताना आमची तपासणी होते आणि थेंबही चाखता येत नाही. माझी स्वतःची सवय बिअरची आहे.

नांदेड, बँक कर्मचारी (पिणाऱ्याची पत्नी)

धाग्यात स्त्रियांनी लिहावे की नाही हे स्पष्ट नव्हते, तरी घरचा हिशेब मी ठेवते म्हणून लिहिते. आमच्याकडे महिन्याला दारूचा खर्च ठरलेला आहे आणि तो मी वेगळ्या पाकिटात ठेवते. जूनच्या दरवाढीनंतर त्या पाकिटात एक बाटली कमी बसू लागली. माझी अपेक्षा अशी होती की महाग झाली म्हणजे कमी होईल. तसे झाले नाही. यजमान एक पायरी खालच्या ब्रँडवर उतरले आणि बाटल्यांची संख्या पूर्वीइतकीच राहिली. आयात शुल्काची बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली, जणू पाकीट वाढवण्याचा तो शासननिर्णय होता.

धर्माबाद आणि देगलूरकडील नातेवाईक सीमेपलीकडच्या तेलंगणातील दर नेहमी सांगतात. कधी तिकडे स्वस्त असते, कधी इकडे. परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यातील दारू आणणे गुन्हा आहे, हे मी प्रत्येक लग्नपत्रिकेच्या वेळी पुन्हा सांगते.

लातूर, वैद्यकीय व्यवसायी

जास्त शुल्काचा एक परिणाम कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो. महाग वस्तूची नक्कल होते. रुग्णांच्या नातेवाइकांनी आणि औषध विक्रेत्यांनी दिवाळीत दिलेल्या बाटल्या माझ्याकडे साठत असत. एकदा एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर एकीचे बूच सैल होते आणि आतील द्रवाचा रंग दुसरीपेक्षा फिका होता. चाखून पाहिली तेव्हा ती कोणती तरी स्वस्त देशी बनावटीची व्हिस्की निघाली. देणाऱ्या गृहस्थांनी पैसे स्कॉचचेच मोजले असणार, त्यामुळे त्यांना मी काही बोललो नाही. तेव्हापासून रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्यापूर्वी मी तिची मान फोडतो आणि लेबल खरवडतो. परभणीच्या गुरुजींनी आपली बाटली फ्रिजमध्ये ठेवली आहे हे त्या दृष्टीने उत्तमच आहे. किमतीतील अंतर घटले तर हा धंदा थोडा तरी थंडावेल, अशी माझी समजूत आहे.

हिंगोली, माजी सैनिक

आमचा मार्ग लष्करी कॅन्टीनचा. ऑक्टोबर २०२० मध्ये थेट आयात केलेल्या मालाची खरेदी थांबवण्याचा आदेश निघाला आणि चर्चेत पहिले नाव परदेशी मद्याचे आले. गावातील लोकांना माजी सैनिक म्हणजे स्वस्त दारूचा झरा वाटतो. मी रम पितो आणि माझ्या रमला ना लंडनचा करार लागू आहे ना वॉशिंग्टनचा, त्यामुळे मी निश्चिंत आहे.

न्यू जर्सी, मूळ गाव अंबाजोगाई

इकडची बाजूही थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये विमाने बनवणाऱ्या कंपन्यांच्या अनुदानावरून युरोपशी झालेल्या भांडणात अमेरिकेने स्कॉटलंडच्या सिंगल माल्टवर (एकाच भट्टीतील माल्ट व्हिस्कीवर) २५ टक्के शुल्क लावले आणि मार्च २०२१ मध्ये ते स्थगित केले. विमानांचे भांडण आणि भुर्दंड माल्टला, हा न्याय मला आमच्या चौकातील वादांसारखाच वाटला. त्या दीड वर्षात मी आणि माझे दोन सहकारी बर्बनकडे वळलो. शुल्क उठल्यावर त्यांतील एकजण परतला, मी परतलो नाही. म्हणजे शुल्क जाते, पण त्याने लावलेली सवय राहते. आता गावी येताना मी स्कॉच आणत नाही. उलट परतताना बंगळूरची अमृत किंवा हरियाणाची इंद्री घेऊन येतो, कारण आपल्याकडच्या उष्णतेत पिंपातील मद्य लवकर मुरते आणि ती चव इथल्या मित्रांना नवी असते.

बीड, ऊसतोड मुकादमाचा मुलगा, सध्या शिक्षक

वरील सर्व अनुभव आदराने वाचले. ज्या उसाच्या मळीपासून तुमची ‘इंग्लिश’ बनते, तो ऊस आमच्या तांड्यावरची माणसे सहा महिने गाव सोडून तोडतात आणि संध्याकाळी देशीची बाटली घेतात. तिची किमान किंमतही जूनमध्ये १८० मिलिलिटरला ८० रुपये झाली. त्यावर एकही बातमी मला कोणी मोठ्याने वाचून दाखवली नाही. एवढेच नोंदवतो.

परभणी, निवृत्त शिक्षक

बीडच्या सरांचे म्हणणे मान्य आहे. लातूरच्या डॉक्टरांनाही कळवतो की आमच्या बाटलीची मान शाबूत आहे आणि राहील. कालच पुतण्याचा दूरध्वनी आला. ‘‘काका, आता तिकडंच स्वस्त होणार आहे, तर या दिवाळीला बाटलीऐवजी दुसरं काही आणू का?’’ असे त्याने विचारले. मी जालन्याच्या शेठजींचा हिशेब त्याला वाचून दाखवला आणि दोन लिटरच आण, असे सांगितले.