एम-मॅप केलेल्या डीएमए बफरमध्ये एआरएम बोर्डावर भलताच डेटा

प्रश्न: माझा लिनक्स ड्रायव्हर डीएमएसाठी (उपकरणाने प्रोसेसरला वगळून मेमरीशी केलेली थेट देवाणघेवाण) डीएमए_अलॉक_कोहेरंटने घेतलेला बफर व्हर्ट_टू_फिज (कर्नलचा आभासी पत्ता भौतिक पत्त्यात बदलणारे फंक्शन) आणि रीमॅप_पीएफएन_रेंज (भौतिक मेमरी प्रोग्रामच्या पत्त्यांशी जोडणारे फंक्शन) वापरून युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या सामान्य प्रोग्रामना) मॅप करून देतो. एक्स८६ प्रोसेसरवर सारे सुरळीत चालते, एआरएम प्रोसेसरवर मात्र भलताच डेटा दिसतो. चूक कोठे असावी?

पहिले उत्तर: डीएमए_अलॉक_कोहेरंटकडून मिळालेला पत्ता कर्नलच्या लिनिअर मॅपिंगमधला (भौतिक पत्त्यांपासून ठरावीक अंतरावर असलेल्या आभासी पत्त्यांमधला) असेलच असे नाही, त्यामुळे त्यावर व्हर्ट_टू_फिज चालवणे मुळातच अवैध आहे, एक्स८६वर ते बहुधा निभावून जाते, एवढेच. त्याऐवजी डीएमए_एमएमॅप_कोहेरंट वापरावे, म्हणजे कॅशचे गुणधर्मही (मेमरी कॅश करायची की नाही ते) जुळतात.

दुसरे उत्तर: सहमत. रीमॅप_पीएफएन_रेंज अन्यत्र वापरत असल्यास व्हीएमएची (प्रोग्रामने मॅप करायला मागितलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याची) लांबी व ऑफसेट बफरच्या आकाराशी ताडून पाहावेत, कारण ते फंक्शन बफरची मर्यादा जाणत नाही आणि तसे न ताडल्यास शेजारची मेमरी युजरस्पेससाठी उघडी पडू शकते.

प्रश्नकर्ता: बदल केल्यावर डेटा बरोबर येतो. आभारी आहे.