फुटबॉल सुटलं, पुढं काय? लहान भावासाठी विचारतोय

परभणीकर: नमस्कार मंडळी. लहान भाऊ 23 वर्षांचा, पुण्यात एका क्लबकडून पगारावर खेळायचा. प्रॅक्टिसमध्ये पाय रोवून वळताना गुडघ्यात कट्‌कन आवाज आला, एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेलं, ऑपरेशन झालं, सहा महिन्यांतच मैदानात उतरवलं आणि परत तोच गुडघा. आता डॉक्टर म्हणतात चालायफिरायला काही नाही पण मॅच विसरा. क्लबनं करार वाढवला नाही. लेकरू घरी आल्यापासून पहाटे पाचला उठतंय, बूट पुसतंय, परत पिशवीत ठेवतंय, बोलत काहीच नाही. असं झालेल्या मोठ्या खेळाडूंनी पुढं काय केलं? सांगा राव.

जुना गोलकीपर: त्याला इंग्लंडच्या ब्रायन क्लफचं सांगा. 274 लीग मॅचमध्ये 251 गोल मारलेला माणूस. 26 डिसेंबर 1962 ला संडरलंडकडून खेळताना समोरच्या गोलकीपरवर आदळला, गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. दीड-पावणेदोन वर्षांनी परत आला, तीन मॅच खेळला अन् 29 व्या वर्षी संपलं सगळं. मग तिथल्याच पोरांना शिकवायला लागला, 1965 ला हार्टलपूल्ससारख्या तळातल्या टीमचा मॅनेजर झाला, आणि पुढं नॉटिंगहॅम फॉरेस्टला 1979 अन् 1980 असा दोनदा युरोपियन कप जिंकून दिला.

लातूरचा डावखुरा: क्लफ बरोबर आहे, पण लगेच 'तू कोच हो' म्हणून मागं लागू नका त्याच्या. नेदरलँड्सचा स्ट्रायकर व्हॅन बास्टन 1993 ची युरोपियन फायनल खेळला तेव्हा 28 चा होता, तीच शेवटची मॅच. घोट्यानं दोन वर्षं झुलवलं, 1995 ला निवृत्ती. नेदरलँड्सचा कोच झाला तो 2004 ला, म्हणजे मधी नऊ वर्षं गेली! आधी दुखणं थांबू द्या. अन् सहा महिन्यांत उतरवलं हे लई चुकलं, नऊ महिन्यांच्या आत परत तुटायचा धोका जास्त असतो, फिजिओ हेच सांगतात.

नांदेडहून: माझंही लिगामेंट गेलेलं. वर्षभर मैदानाच्या रस्त्यानं गेलोच नाही. नंतर एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) कोचिंगचं डी लायसन्स केलं, आता शाळेतल्या पोरांना शिकवतो. पहिल्या दिवशी शिट्टी वाजवताना रडू आलतं, खोटं नाही सांगत. भावाला आठ दिवस इकडं पाठवा, शिकवायचं काही नाही, नुसतं बसू द्या.

परभणीकर: सगळ्यांचे आभार. क्लफचं वाचून दाखवलं रात्री. बराच वेळ गप्प होता, मग म्हणला, "251 गोल कोणत्या डिव्हिजनला?" दोन महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःहून काहीतरी विचारलं त्यानं. कुणाला माहितीये?

जुना गोलकीपर: जवळपास सगळे सेकंड डिव्हिजनला, म्हणजे तिथल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये. सांगा त्याला.